दृष्टांत आणि हेतू : प्राचीन मराठी युक्तिवादातील एक लुप्त अवयव

भास्करभट्ट बोरीकर याच्या ‘शिशुपाळवधा’विषयी महानुभाव परंपरेत एक आठवण सांगितली जाते. परभणी जिल्ह्यातील बोरी हे या कवीचे गाव मानतात. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्याने सुमारे अकराशे ओव्यांचे हे काव्य सिद्ध केले आणि आपल्या गुरुबंधूस दाखविले. काव्य उत्तम साधले आहे, परंतु ज्याने संसार सोडला त्याच्या उपयोगाचे ते नाही, अशा आशयाचा अभिप्राय त्यास मिळाला. कवीने वाद घातला नाही. त्याने भागवताच्या एकादश स्कंधाचा आधार घेऊन ‘उद्धवगीता’ रचली. शृंगार आणि वैराग्य यांच्यातील ओढाताणीचे उदाहरण म्हणून ही आठवण वाङ्मयाच्या इतिहासांतून येते, आणि तेथेच तिचा विचार संपतो. वस्तुतः मराठी टीकेचा हा एक अत्यंत जुना नमुना आहे आणि त्याची घडण तपासण्याजोगी आहे. त्यात पक्ष आहे : हा ग्रंथ. त्यात निष्कर्ष आहे : तो निवृत्तांस योग्य नाही. या दोहोंना जोडणारा हेतू मात्र त्यात नाही. शृंगाराने चित्त चाळवते हा तो हेतू असावा, असे कोणीही सांगेल. पण तो उच्चारला असता तर लगेच प्रतिपक्ष उभा राहिला असता की, मग भागवताच्या दशम स्कंधाचे काय? अनुच्चारित हेतूवर आक्षेप घेता येत नाही. त्याचे बळ आणि त्याचा धोका या दोन्ही गोष्टी येथेच आहेत.

हेतूचा हा लोप प्राचीन मराठी वाङ्मयात सर्वत्र आढळतो, आणि दृष्टांताच्या ठिकाणी तो विशेष स्पष्ट होतो. संतवाङ्मयातील दृष्टांत हा आपल्याकडे अलंकार म्हणून शिकविला जातो. विद्यार्थ्याने उपमेय-उपमान ओळखले, ‘समर्पक’ हा शब्द लिहिला, की प्रश्न सुटला. दृष्टांत समर्पक कशाने होतो, हे विचारण्याची पद्धत नाही. ज्या वाक्याने काही सिद्ध करावयाचे असते त्याला शोभेची वस्तू मानले की त्याची परीक्षा टळते. आणि ज्यांच्यावर तो दृष्टांत लादला जातो त्यांना उत्तर देण्याची सोयही उरत नाही.

येथे परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण मराठीत ती फार गोंधळलेली आहे. सामान्यावरून विशेषाकडे जाणारे अनुमान ते निगामी, विशेषांवरून सामान्याकडे जाणारे ते विगामी, असे तर्कशास्त्राची मराठी पुस्तके सांगतात. अध्यापनशास्त्राची पुस्तके त्यांनाच अवगामी आणि उद्गामी म्हणतात. न्यायदर्शनात मात्र ‘निगमन’ हे अनुमानवाक्याच्या पाचव्या अवयवाचे नाव आहे. ‘तर्क’ या शब्दाची स्थिती याहून विचित्र आहे. नैयायिकांच्या मते तर्क हे स्वतंत्र प्रमाण नव्हे. प्रतिपक्ष मान्य केला तर कोणती अनिष्ट आपत्ती येईल हे दाखवून तो प्रमाणाला साह्य करतो. व्यवहारातील मराठीत ‘तर्क करणे’ म्हणजे अंदाज बांधणे, आणि विद्यापीठात ‘तर्कशास्त्र’ म्हणजे अनुमानाचे संपूर्ण शास्त्र! एकाच शब्दाने तीन कामे केली की विचार ढिला पडतो.

न्यायाचे पाच अवयव प्रसिद्ध आहेत. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. धूर दिसतो म्हणून, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण. हा पर्वतही तसाच धुराने युक्त आहे, हा उपनय. म्हणून तेथे अग्नी आहे, हे निगमन. ग्रीक परंपरेतील त्रि-अवयवी अनुमानाशी याची तुलना नेहमी केली जाते आणि पाचांपैकी दोन अवयव पुनरुक्त ठरविले जातात. तो वाद येथे बाजूस ठेवण्यास हरकत नाही. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, या वाक्यात स्वयंपाकघर एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही. धूर आणि अग्नी यांचे साहचर्य तेथे दिसते, एवढ्यापुरतेच त्याचे महत्त्व. धुराचा उल्लेख वगळून ‘जसे स्वयंपाकघर तसा पर्वत’ असे कोणी म्हटले, तर पर्वतावर पाटा-वरवंटाही असला पाहिजे असे म्हणण्यास प्रत्यवाय राहणार नाही.

आता ‘दृष्टांतपाठा’कडे वळावे. चक्रधरस्वामींच्या वचनांतून केशिराजबास याने तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या या ग्रंथात 114 दृष्टांत आहेत, आणि त्यांची मांडणी त्रि-अवयवी आहे : सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सिद्धांताचे वचन, दृष्टांत म्हणजे लौकिकातील प्रसंग, आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या प्रसंगाची सिद्धांताशी घातलेली सांगड. ही मांडणी न्यायाच्या अवयवांशेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते. सूत्र ही प्रतिज्ञा आहे, दृष्टांत हे उदाहरण, दार्ष्टांतिक हा उपनय. निगमन वेगळे नाही, कारण सूत्र तेच सांगते. गळला आहे तो फक्त हेतू. कथनाचे इतके काटेकोर तंत्र ज्यांनी बसविले त्यांच्याकडून हा अवयव विसरला गेला असेल, हे संभवत नाही. पंथाच्या दृष्टीने सूत्र हे आप्तवचन आहे, त्याला हेतूची अपेक्षाच नाही. दृष्टांत ते सिद्ध करण्यासाठी नसून बुद्धीत उतरविण्यासाठी आहे. म्हणजे दृष्टांतपाठात शब्दप्रमाण आधी येते आणि उदाहरण मागून. जो श्रोता सूत्र मानीत नाही त्याच्यासमोर हाच दृष्टांत ठेवला, की त्याचे स्वरूप पालटते. तो सिद्धीचा दावा करू लागतो आणि अपुरा पडतो.

हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टांत या ग्रंथात आहे. हीच कथा पाली ‘उदाना’त आहे, जैनांच्या अनेकान्तवादाच्या विवरणातही ती येते. कोणाला पाय सापडला, त्याने हत्ती खांबासारखा म्हटला. कोणाला कान सापडला, त्याने सुपासारखा म्हटला. प्रसंग एकच, पण दार्ष्टांतिके भिन्न. बौद्ध ग्रंथात रोख आहे तो मतामतांच्या भांडणावर. जैन विवरणात प्रत्येक मताच्या अंशतः सत्यतेवर भर आहे. महानुभाव मांडणीत अंशाचे ज्ञान म्हणजे पूर्णाचे ज्ञान नव्हे, ही बाजू वर येते. एका उदाहरणातून तीन निष्कर्ष निघतात, याचा अर्थ निष्कर्ष उदाहरणात नाही. तो कोणत्या साधर्म्यावर बोट ठेवले यावर अवलंबून आहे, आणि ते बोट ठेवणे म्हणजेच हेतू. आणखी एक गोष्ट तिन्ही ठिकाणी गृहीत आहे. समोर एकच हत्ती आहे, हे आंधळ्यांपैकी कोणालाही त्याच्या स्पर्शावरून सिद्ध करता आले नसते. एकाने खांब चाचपला आणि दुसऱ्याने सूप, असेही असू शकले असते. हत्तीचे एकत्व कथा सांगणाऱ्या डोळसाने आणले आहे. कथेतून ते निघत नाही.

ॲरिस्टॉटलने उदाहरणमूलक युक्तिवादाचे विवेचन करताना दिलेला दाखला येथे उपयोगी आहे. डायोनिसियस शरीररक्षक मागतो, म्हणून तो जुलमी सत्ता बळकावू पाहतो. कारण पूर्वी पिसिस्ट्रॅटसने आणि मेगाराच्या थिॲजेनीसने असेच रक्षक मागितले आणि असेच केले. एका विशेषावरून दुसऱ्या विशेषाकडे ही उडी आहे. पण ‘रक्षक मागणे’ हा दोहोंना जोडणारा दुवा उघड सांगितलेला आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला विचारता येते की, रक्षक मागणारा प्रत्येक जण तसाच निघाला काय?

लोकांच्या तोंडी असलेल्या म्हणींनाही हीच कसोटी लावता येते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही विगामी अनुमानाची म्हण आहे आणि ती पक्की आहे. सगळी शिते एकाच तांदळाची, एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली, हा तिचा हेतू स्वयंपाक करणाऱ्या बाईला ठाऊक असतो; म्हणूनच ढवळल्यावाचून ती वरचे शीत चेपून पाहत नाही. त्याच म्हणीच्या आधारे एका माणसाच्या वर्तनावरून त्याच्या सगळ्या गावाची किंवा जातीची परीक्षा केली जाते, तेव्हा भांडे कोणते आणि आच कोणती हे कोणी सांगत नाही. ‘हाताची पाचही बोटे सारखी नसतात’ हे वाक्य याहून अधिक घातक ठरले आहे. माणसामाणसांच्या स्वभावांतील भेद सांगण्यास ते निरुपद्रवी आहे. परंतु मजुरीतील, मानातील, पाणवठ्यावरील भेद स्वाभाविक आहेत हे पटविण्यासाठी तेच वाक्य पिढ्यान् पिढ्या वापरले गेले, आणि ऐकणारा गप्प बसला, कारण बोटे खरोखरच सारखी नसतात. बोटांची लांबी आणि माणसाचा अधिकार यांत साधर्म्य कोणते, हा प्रश्न त्या वाक्यात शिरायला जागाच नाही. करंगळीला मधल्या बोटापेक्षा कमी रक्त पुरविले जात नाही आणि ती चिरली तर कळ सगळ्या हाताला येते, असा प्रतिदृष्टांत देता येईल. तोही हेतूवाचूनच असेल, हे मात्र विसरता कामा नये.

भाषेच्या अंगाने पाहिले तर हेतूचा लोप कोठे होतो हे अधिक नेमके सांगता येते. प्राचीन मराठीत दृष्टांताची चौकट ‘जैसे… तैसे’ या संबंधी अव्ययांची आहे. या चौकटीत दोन वाक्ये समोरासमोर येतात. त्यांच्यातील दुवा व्याकरणाने मागितला जात नाही. ‘म्हणौनि’ची गोष्ट निराळी. हे ‘म्हणणे’ या धातूचे पूर्वकालवाचक रूप आहे. ‘असे म्हणून’ हा त्याचा मूळ अर्थ. कारण सांगण्यासाठी बोलण्याच्या क्रियापदाचा उपयोग करण्याची ही लकब तेलुगूतील ‘अनि’ आणि कन्नडातील ‘एंदु’ यांच्याशी जुळते, आणि गोदावरीच्या मधल्या खोऱ्यातील भाषासंपर्क पाहता त्यात नवल नाही. ‘म्हणौनि’च्या आधी काहीतरी म्हटलेले असावेच लागते, म्हणजे हे अव्यय हेतू वसूल केल्याशिवाय पुढे सरकत नाही. ‘जरि… तरि’, ज्यांचा उगम संस्कृत ‘यर्हि’, ‘तर्हि’ यांत दाखविला जातो, ती तर्काची, म्हणजे नैयायिकांच्या अर्थाने अनिष्टप्रसंगाची, चौकट. आधुनिक मराठीने यात आणखी एक सूक्ष्म भेद राखला आहे, त्याकडे वैयाकरणांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. ‘पाऊस पडला म्हणून पीक आले’ येथे पाऊस पिकाचे कारण आहे. ‘ज्या अर्थी अंगण ओले आहे, त्या अर्थी पाऊस पडला असावा’ येथे ओले अंगण पावसाचे कारण नव्हे. ते आपल्या ज्ञानाचे कारण आहे. कारक हेतू आणि ज्ञापक हेतू हा शास्त्रातील भेद बोलीने असा दोन रचनांत वाटून दिला आहे, आणि ज्ञापकाच्या बाजूला ‘असावा’ हे सावध क्रियापदही जोडले आहे. शाळेतील निबंधांतून ‘ज्या अर्थी’ मागे पडत चालले आहे आणि ‘त्यामुळे’ सगळीकडे पसरले आहे, ही केवळ शैलीची बाब नव्हे.

‘उद्धवगीते’ला आधार असलेल्या एकादश स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद आहे, अवधूताने चोवीस गुरू केले, तो हा प्रसंग. (एकनाथांनी याच स्कंधावर आपले भागवत रचून 1573 मध्ये काशीत पूर्ण केले, त्यामुळे मराठी श्रोत्यांस तो विशेष परिचित आहे.) पृथ्वी, वायू, अजगर, पतंग, भ्रमर, पिंगळा, कोळी असे हे गुरू आहेत. एकापाठोपाठ चोवीस दृष्टांत येथे मिळतात, आणि सगळ्यांची योग्यता सारखी नाही. भ्रमर फुलाफुलातून थोडेथोडे घेतो, तसे यतीने घरोघरी अल्प भिक्षा घ्यावी; पण मधमाशी साठा करते आणि साठ्यासह नष्ट होते, म्हणून यतीने संग्रह करू नये. एकाच कीटकवर्गाकडून एक गोष्ट घ्यावयाची आणि दुसरी टाकावयाची! अजगर जागचा न हलता आपोआप आलेले भक्षण करतो, तेही अनुकरणीय. म्हणजे भ्रमराचे हिंडणे आणि अजगराचे पडून राहणे दोन्ही प्रमाण. जो धडा घ्यावयाचा तो अवधूताला आधीच ठाऊक आहे आणि प्राणी त्याला साक्षीदार म्हणून मिळाले आहेत, असे येथे म्हणणे भाग पडते. पतंग रूपाने, हरिण नादाने, मासा रसनेने, हत्ती स्पर्शाने नाश पावतो, हे दृष्टांत अधिक बळकट आहेत, कारण विषयासक्ती हा हेतू चौघांतही उघड आहे.

या सर्वांत तर्कदृष्ट्या सरस प्रसंग कुमारिकेच्या कांकणांचा होय. घरात मुलगी एकटी, तिला मागणी घालण्यासाठी पाहुणे आलेले. त्यांच्या जेवणासाठी ती आडोशाला साळी कांडू लागते. हातांतील शंखाची कांकणे वाजतात. घरचे दैन्य पाहुण्यांस कळेल म्हणून तिला लाज वाटते. ती एकेक कांकण काढीत जाते आणि प्रत्येक हातात दोन ठेवते. तरीही नाद होतो. मग एकेकच ठेवते, आणि नाद थांबतो. येथे केवळ साम्य दाखविलेले नाही. येथे प्रयोग आहे. बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट, संख्या, क्रमाने कमी केली आणि परिणाम पाहिला. अन्वय आणि व्यतिरेक यांनी कारण ठरविण्याची जी पद्धत जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या आपल्या तर्कग्रंथात नियमबद्ध केली, ती या मुलीने कांडणाच्या उखळाशी पार पाडली आहे. अवधूताचा निष्कर्ष असा : पुष्कळ जण एकत्र राहिले तर कलह, दोघे राहिले तर बोलणे; म्हणून कांकणाप्रमाणे एकटे असावे.

तरीही प्रयोग निर्दोष असला म्हणजे उपनय निर्दोष होतो, असे नाही. कांकणे वाजली ती अनेक होती म्हणूनच केवळ नव्हे. हात चालू होता म्हणूनही. मुसळ ठेवले असते तर सगळी कांकणे हातात राहूनही नाद झाला नसता. मुलीला ते शक्य नव्हते, कारण पाहुण्यांना जेवावयास घालावयाचे होते. म्हणजे नादाचा हेतू ‘अनेकत्व’ नसून ‘काम चालू असता अनेकत्व’ हा आहे. अवधूताने अर्धा हेतू घेतला आणि कांडण सोडून दिले. ज्याने काम सोडले आहे त्याच्या नजरेतून ते सुटणे स्वाभाविकही आहे. गृहस्थाला या दृष्टांतातून निराळा धडा निघेल : काम करावयाचे तर थोडा नाद सोसावा लागतो. ‘शिशुपाळवधा’वरील त्या अभिप्रायात जी गोष्ट न बोलता गृहीत होती, ग्रंथ कोणासाठी, ती येथे दृष्टांताच्या पोटात लपलेली आढळते. अधिकारी बदलला की हेतू बदलतो.

परभणी परिसरातील संतकथांतही युक्तिवादाचे निराळे नमुने आहेत. गंगाखेडच्या जनाबाईचा उल्लेख येथे ओझरताच पुरे. तिची वाणी देवाशी भांडते, त्याला कामाला लावते, पण सिद्ध काही करीत नाही, आणि ते तिचे वैगुण्य नव्हे. नामदेवांच्या कथा मात्र विचारार्ह आहेत. नामदेवांचे नरसी आणि विसोबा खेचरांशी जोडलेले औंढा नागनाथ ही दोन्ही स्थाने 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात होती. आता ती हिंगोलीत आहेत. गोरोबाकाका थापटणे घेऊन संतांची डोकी तपासतात. इतर स्वस्थ राहतात, नामदेव रागावतात, आणि मडके कच्चे ठरते. मडके वाजवून पाहणाऱ्या कुंभाराचे अनुमान कार्यावरून कारणाकडे जाते, आणि ते अनुभवसिद्ध आहे. माणसाच्या बाबतीत ते तसे राहत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स (1839–1914) याने अनुमानाचा जो तिसरा प्रकार वेगळा काढला, म्हणजे अनपेक्षित गोष्ट दिसली असता तिचा उलगडा करणारी कल्पना स्वीकारणे, त्यात ही परीक्षा बसते. त्या प्रकाराचा दोष असा की, उलगडा करणारी कल्पना एकच असते असे नाही. थापटणे बसले असता गप्प राहणे हे पक्वतेचे चिन्ह असेल, तसे चारचौघांच्या धाकाचेही असेल.

औंढ्याचा प्रसंग शुद्ध तर्काचा आहे. विसोबा देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव हरकत घेतात. जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबा सांगतात. ‘जर-तर’च्या चौकटीत हे मांडले तर असे होईल : देव सर्वत्र आहे हे तुला मान्य आहे, देवावर पाय ठेवू नये हे तुझे म्हणणे, तर मग पाय ठेवण्यास जागाच उरत नाही. ही अनिष्टापत्ती आहे आणि ती नामदेवांनी स्वतः स्वीकारलेल्या प्रतिज्ञेवरच उभी आहे, म्हणून ती बांधते. तरीही एक वाट मोकळी राहते. देव सर्वत्र असला तरी प्रतिष्ठा केलेल्या पिंडीच्या ठिकाणी तो पूजेसाठी विशेषरूपाने मानला जातो, म्हणून तेथे पाय नको, असे नामदेवांना म्हणता आले असते. हा हेतू उच्चारला गेला असता तर विसोबांना पुढचे उत्तर द्यावे लागले असते, आणि मराठी वाङ्मयाला मूर्तिपूजेवरील एक खरा वाद मिळाला असता. कथा तसे होऊ देत नाही. नामदेव पाय उचलून दुसरीकडे ठेवतात आणि तेथेही पिंडी उभी राहते. पुन्हा उचलतात, पुन्हा तेच. वस्तुतः विसोबांच्या प्रश्नाला चमत्काराची गरज नव्हती. प्रश्न विचारताच युक्तिवाद पुरा झाला होता. चमत्कार येतो तो नेमका हेतूच्या परीक्षेच्या जागी. पिंडी प्रत्यक्ष दिसल्यावर बोलावयाचे काही उरत नाही, आणि नामदेवांच्या मनात तो प्रश्न आला असल्यास कथेने तो नोंदविलेला नाही.